शेजारी शेजारी गाद्या: नवोदयच्या स्नेहमेळाव्यासाठी वाईजवळचे कृषी पर्यटन केंद्र

निवासी शाळेत शिकलेल्यांचा मेळावा भरवायचा असेल, तर जागा पाहताना दर आणि जेवण यांच्याही आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: सगळ्यांना एका छताखाली, शेजारी शेजारी गाद्या टाकून झोपता येईल का? आमच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या तुकडीने २००० साली बारावीची परीक्षा दिली. त्यानंतर २५ वर्षांनी, जानेवारीच्या थंडीत, वाईपासून थोड्या अंतरावरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात आम्ही ४१ जण दोन दिवस एकत्र राहिलो. त्या जागेचा हा अनुभव आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण हिशेबाबाबत एक तक्रार झाली होती आणि ती मालकांशी समोरासमोर बोलून मिटलेली आहे.

यापूर्वी आम्ही एकदा भेटलो होतो, तो प्रयत्न फसला होता. पुण्यातील एका हॉटेलात सभागृह आणि दोघांना एक अशा खोल्या घेतल्या होत्या. व्यवस्था चोख होती, परंतु संध्याकाळी गाणी इतकी मोठ्याने वाजत राहिली की बोलणे अशक्य झाले, आणि जेवण आटोपल्यावर जो तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून झोपला. सकाळी निघताना एका मैत्रिणीने विचारले, ‘आपण भेटलो का गं नक्की?’ या वेळी जागा शोधण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात होता.

ज्यांनी नवोदय जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती या दोन ठिकाणी झाली. पाचवीत शिकणारी जिल्ह्यातील मुले प्रवेश परीक्षेला बसतात आणि निवडलेली सुमारे ८० मुले सहावीला दाखल होतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी आम्ही पत्र्याची पेटी घेऊन घर सोडले. अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार हाऊसमध्ये वाटले गेलो आणि पुढची सात वर्षे पीटीच्या शिट्टीला एकत्र उठलो. नववीत काही जण मायग्रेशनमध्ये, म्हणजे दोन राज्यांतील नवोदयच्या मुलांच्या अदलाबदलीत, हिंदी भाषक राज्यातील नवोदयला गेले, तेव्हा डॉर्ममधली त्यांची रिकामी कॉट पाहून आम्ही जितके रडलो, तितके घर सोडतानाही रडलो नव्हतो. अशा मुलांचे बोलणे व्यासपीठासमोरच्या खुर्च्यांवर बसून सुरू होत नाही. ते दिवे मालवल्यावर सुरू होते, कारण आम्हाला बोलण्याची सवय तिथेच लागली.

वाईजवळच्या या केंद्रात नेमकी तशी सोय आहे. शेताच्या कडेला दगडी जोत्यावर कौलारू छपराची एक लांब इमारत आहे. तिच्यात ३० गाद्यांचे एक आणि १६ गाद्यांचे दुसरे दालन असून, दोन्हींच्या मधून रुंद ओसरी गेलेली आहे. मोठे दालन २७ मुलांनी घेतले, लहान दालनात आम्ही १४ जणी राहिलो. (पंचेचाळिशी जवळ आली तरी आम्ही एकमेकांना मुले-मुलीच म्हणतो.) गाद्या कापसाच्या आणि घट्ट, चादरी स्वच्छ धुतलेल्या, पांघरायला घोंगडी आणि वर एक रजई. आमच्या दालनात दिव्याचे बटण एकच, तेही दाराशी, त्यामुळे दाराजवळच्या गादीवर जी झोपेल तिने उठून दिवा मालवायचा, हा शाळेतला नियम कोणी न सांगता लागू झाला.

जेवणाबद्दल मनापासून चांगले लिहावे असे आहे. पहिल्या दुपारी ज्वारीची भाकरी, भरले वांगे, आमटी-भात आणि लसणाची चटणी होती. रात्री बाजरीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि गुळाबरोबर घरचे तूप. भाकऱ्या चुलीवरून थेट ताटात येत होत्या आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी प्रत्येकाला नाव विचारून वाढत होत्या. रांगेत ताट घेऊन उभे राहायचे आणि मग ओसरीवर मांडी घालून बसायचे, अशी तेथील पद्धत आहे. त्या रांगेत जे घडले ते या दोन दिवसांतले मला सर्वांत जपून ठेवावेसे वाटते. मेसमध्ये आमच्या प्रत्येकाचे स्टीलचे ताट असे, त्यावर नाव कोरलेले असे आणि तरीही ताटांची अदलाबदल रोज होत असे. आता अंगणवाडी पर्यवेक्षिका असलेल्या आमच्या मैत्रिणीने पिशवीतून एक ताट काढले आणि पुढे उभ्या असलेल्या वर्गमित्राच्या हातात दिले. ताटाच्या काठावर त्याचे नाव आणि हाऊसचे नाव होते, अक्षरे घासून घासून बारीक झाली होती. बारावीच्या शेवटच्या दिवशी तिच्या पेटीत चुकून गेलेले हे ताट इतकी वर्षे तिच्या माहेरी वापरात होते. तो मित्र सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आहे. त्याने काही न बोलता त्याच ताटात भाकरी घेतली, आणि मावशींनी दुसऱ्यांदा वाढायला आल्यावर ‘हे ताट आमचं नाही’ म्हटले, तेव्हा मात्र त्याला बोलवेना.

संध्याकाळी अंगणात ध्वनिक्षेपक लावून ओळखीचा कार्यक्रम केला. प्रत्येकाला दोन मिनिटे दिली होती. आमचे दोन निवृत्त शिक्षक आणि मेसमधले काका आले होते, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि तो फार मनाला भिडला. परंतु आमची स्वतःची ओळख मात्र वरवरची झाली. हुद्दा, शहर, मुले किती, ‘बाकी सगळं मजेत’. मस्कतहून आलेला असो वा डाळिंबाची बाग करणारा, सगळ्यांची दोन मिनिटे जवळजवळ सारखीच होती. बरोबर १० वाजता मालकांनी येऊन ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वाजवण्यास कायद्याने मनाई आहे आणि शेजारच्या वस्तीचाही त्यांना विचार करावा लागतो. आमच्यातील काहींना ते रुचले नाही. मला मात्र त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

कारण खरा मेळावा त्यानंतर भरला. ओसरीवर शेकोटी होती, दीड वाजेपर्यंत सगळे तिथे होते, आणि मग आम्ही १४ जणी आत येऊन अंधारात पडलो. जिने ध्वनिक्षेपकावर ‘मी गृहिणी, दोन मुलं’ एवढेच सांगितले होते, तिने छताकडे पाहत सांगायला सुरुवात केली. पती २०१९ साली गेले, सासऱ्यांनी जमीन नावावर करायला चार वर्षे लावली, त्या काळात तिने नऊ गायींवर घर चालवले, आणि आमच्या ग्रुपवर रोज ‘शुभ सकाळ’ येत असताना आपले कोणाशी बोलावे हे तिला सुचत नव्हते. तिच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. त्यानंतर एकेक आवाज येत गेला. आवाजावरून कोण बोलते आहे हे ओळखावे लागले नाही, कारण डॉर्ममध्येही आम्ही एकमेकींना तसेच ओळखत होतो. बाकी जे ऐकले ते त्या दालनातच राहील. ग्रुपमध्ये आम्ही दहा वर्षे एकमेकींना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होतो आणि कोणाचे काय चालले आहे, यातले काहीच ठाऊक नव्हते, हे मला त्या रात्री फार लागले.

आता उणिवा. गरम पाण्याची सोय अपुरी आहे. छतावरच्या सौर यंत्राचे पाणी पहिल्या पंधरा-सोळा जणांत संपले आणि मग बंब पेटवेपर्यंत साडेआठ झाले. २७ जणांना चार न्हाणीघरे होती, तीही कमीच. न्याहारी साडेसातला मिळेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात पोहे नऊला आले. याहून गंभीर बाब म्हणजे दालनाकडे जाणाऱ्या सात दगडी पायऱ्यांना कठडा नाही. आमच्या सरांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि प्रत्येक वेळी दोघांनी हात धरून त्यांना वर न्यावे लागले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला शिक्षक येणारच, त्यामुळे वयस्कर माणसांची सोय हा नंतर सुचलेला विचार असून चालत नाही. हिशेबात दुपारी येऊन रात्रीच परत गेलेल्या सहा जणांनाही मुक्कामाचे पूर्ण पैसे लावले होते. बोलल्यावर ती रक्कम निम्मी केली, परंतु हे आधीच कागदावर ठरवून घेतले असते तर निघताना कटू प्रसंग आला नसता.

दर माणशी १,८०० रुपये होता आणि त्यात मुक्काम, दोन जेवणे, न्याहारी व चहा आला. मिळालेल्या जागेच्या आणि अन्नाच्या मानाने तो मला वाजवी वाटला. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र कार्यालयात लावलेले आहे, ते मी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहून घेतले. पुण्याहून स्वारगेटवरून वाईला एसटी मिळते, पुढे जीप करावी लागते. शेवटचा रस्ता अरुंद असल्याने मोठी बस आतपर्यंत जात नाही. पसरणी घाट जवळ असल्यामुळे काहींनी दुसऱ्या दिवशी पाचगणीला जाण्याचा आग्रह धरला होता, पण दुपारपर्यंत ओसरीवरून कोणी उठलेच नाही.

पुढच्या जानेवारीसाठी दोन्ही दालने पुन्हा आमच्या नावे नोंदवली आहेत. मालकांनी पायऱ्यांना कठडा आणि दुसरा बंब बसवण्याचे कबूल केले आहे. दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन ते काम झाले आहे का हे पाहून येणार आहे, आणि मगच सरांना निरोप देईन. नऊ गायींची धार काढणारी आमची मैत्रीण या वेळी एक दिवस आधी यायचे म्हणते आहे. दाराजवळची गादी तिने मागून ठेवली आहे.