पोलार एच १०: ट्रेडमिलवर दांडा सोडून धावणाऱ्यांसाठी

ट्रेडमिलच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या धरल्या की समोर ठोक्यांचा आकडा दिसतो. चालताना तो बऱ्यापैकी खरा असतो. धावायला लागलं की तळवे सरकतात, हाताच्या स्नायूंचे विद्युत संकेत हृदयाच्या संकेतात मिसळतात आणि आकडा उड्या मारू लागतो. शिवाय दांडा धरला की अंगाचा भार त्याच्यावर जातो, म्हणजे मोजण्याच्या नादात मेहनतच कमी होते. हात मोकळे ठेवून खरा आकडा हवा असेल तर छातीचा पट्टा घ्यावा, आणि त्यात फिनलंडच्या पोलार कंपनीचा २०१६ साली आलेला एच १० अजूनही सरस आहे.

मनगटावरचं घड्याळ हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह पाहतं. त्याचा खास दोष म्हणजे ते कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. खात्री करायची तर एका पायाची पावलं ३० सेकंद मोजून चारने गुणा; उत्तर घड्याळातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं तर शंका घ्या. एच १० थेट हृदयाचा विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे ही गफलत होत नाही. १ मिनिट ताशी १२ किलोमीटरच्या स्पीडने आणि दीड मिनिट ६ ने अशा इंटरव्हलमध्ये, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळताना, फरक ठळक दिसतो. अर्थात स्पीड वाढल्यावर हृदयालाच चढायला वेळ लागतो. पहिल्या २०-३० सेकंदांत आकडा कमी दिसतो म्हणून आणखी स्पीड वाढवू नये.

पट्ट्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ कोरडेपणात असतं. आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड (संकेत टिपणारे भाग) पाण्याने नीट ओले करा, पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली बांधा, हुक लावा, मग सेन्सर टिचबटणांनी बसवा. लोगो मध्यभागी आणि सुलटा हवा. दीर्घ श्वास घेता यावा, पण उडी मारल्यावर पट्टा घसरू नये, इतपत घट्ट. एसीच्या कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट पट्ट्यावर घासला की स्थिर वीज तयार होते आणि वॉर्मअपलाच २०० च्या वरचे आकडे दिसतात. घाम सुटला की ते आपोआप थांबतं. घाई असेल तर पट्टा पुन्हा ओला करा.

जोडणीत हा सेन्सर उदार आहे: ब्लूटूथ, एएनटी प्लस (व्यायामाच्या उपकरणांची बिनतारी जोडणी) आणि जिममधल्या जुन्या मशीनसाठी ५ किलोहर्ट्झचा संकेत. या शेवटच्या प्रकाराचा पल्ला जेमतेम मीटरभर, तरी शेजारच्या मशीनवर कुणी तसाच पट्टा लावून पळत असेल तर त्याचे ठोके तुमच्या डिस्प्लेवर येऊ शकतात. शंका आली तर मानेजवळची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. ब्लूटूथवर एका वेळी दोन जोडण्या चालतात, पण ती सोय पोलारच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चालू असावी लागते. फोन आणि घड्याळ आधीच जोडलेले असतील तर ट्रेडमिलला सेन्सर सापडत नाही, आणि दोष मात्र ट्रेडमिलला दिला जातो.

काही ट्रेडमिल ठोके पाहून स्पीड किंवा चढ आपणच बदलतात. पट्टा सैल होऊन आकडा खोटा खाली आला तर मशीन स्पीड वाढवेल! आकडा ५ मिनिटं स्थिर दिसल्याशिवाय हा मोड लावू नका, आणि सेफ्टी क्लिप कपड्याला अडकवलेली असू द्या.

सेन्सरमधला सीआर २०२५ हा बटणासारखा सेल ४०० तासांपर्यंत चालतो, असं कंपनी सांगते. तो लवकर संपतो याचं नेहमीचं कारण म्हणजे ओल्या पट्ट्यावर तसाच ठेवलेला सेन्सर. ओल असेपर्यंत तो जागाच राहतो. वापर झाला की सेन्सर काढून पुसा, पट्टा साध्या पाण्यात खळबळा. मशीनमध्ये धुवायचा तर ४० अंशांत, ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय. इलेक्ट्रोड झिजले तर नुसता पट्टा बदलता येतो, सेन्सर तोच.

एकाच स्पीडवर ४० मिनिटांनी ठोके १०-१५ ने चढलेले दिसले तर यंत्राला बोल लावू नका; कोंदट खोलीत तसं होतंच, पंखा लावा. कमाल ठोक्यांसाठी अ‍ॅप २२० उणे वय हे सूत्र वापरत असेल तर ६० व्या वर्षी १६० येतात, २०८ उणे वयाच्या ०.७ पट या सूत्राने १६६. म्हणून या कमाल आकड्यावरून अ‍ॅप आखतं त्या झोनच्या (मेहनतीच्या टप्प्यांच्या) रेषा पक्क्या मानू नका. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांना दोन्ही सूत्रं लागू पडत नाहीत, त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. पेसमेकर असेल तर आधी त्यांना विचारा. आणि रोज ५.५ च्या स्पीडने अर्धा तास चालणं एवढंच करायचं असेल, तर हा खर्च करू नका. मनगटावरचं घड्याळ पुरेसं आहे.