मराठी मुलाखती सॉफ्टवेअरमध्ये घेताना: वर्ड, पीडीएफ की साधा मजकूर?

कोल्हापूर परिसरात २०१९ च्या महापुरासारख्या विषयावर गुणात्मक संशोधन करणाऱ्याजवळ टंकलिखित मुलाखती, ग्रामपंचायतीचे स्कॅन केलेले ठराव आणि वर्तमानपत्रांची कात्रणे असा सरमिसळ ऐवज जमतो. अशा मजकुरातील भागांना विषयवार खुणा लावण्यासाठी, म्हणजे कोडिंगसाठी, एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए किंवा मोफत मिळणारे क्वालकोडर यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरले, तरी आयात करताना येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा फाइलमध्येच असते. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलण्याआधी फाइलचे स्वरूप बदलून पाहावे.

पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे दिसते, हा तिचा मोठा गुण. मात्र तिच्यातील देवनागरी मजकूर पुष्कळदा अक्षरांच्या दृश्य क्रमाने बाहेर येतो. पडद्यावर ‘चिखली’ नीट दिसते, पण आत ‘िचखली’ साठवलेले असते आणि त्या गावाचा शोध घेतला तर हाती काहीच लागत नाही. नुसते स्कॅन असेल तर शोधायला मजकूरच नसतो. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याचे काम, करावे लागते. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठी येते, पण जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. शिवाय एनव्हिवोत पीडीएफमधला मजकूर दुरुस्त करता येत नाही.

मुलाखतींसाठी वर्डची फाइल सरस ठरते, कारण ती आत घेतल्यावरही सुधारता येते आणि प्रश्नांना शीर्षकाची शैली दिलेली असल्यास एनव्हिवो त्यानुसार आपोआप कोडिंग करते. अट एवढीच की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठीचा आत जाताच इंग्रजी अक्षरांचा काला होतो (आपल्याकडे डीटीपीवाल्याकडून आलेल्या फाइलींत हे हमखास आढळते). नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरावा लागतो. आयातीपूर्वी ट्रॅक केलेले बदल (वर्डने नोंदवून ठेवलेल्या दुरुस्त्या) स्वीकारून टाकावेत आणि चौकटींतला (टेक्स्ट बॉक्समधला) मजकूर मुख्य पानावर आणावा.

साधी टेक्स्ट फाइल सर्वांत कमी कुरकुर करते, पण ठळक अक्षरे, शीर्षके सारे गमावते. ती यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीतच जतन करावी. नोटपॅडमध्ये जतन करताना ‘एएनएसआय’ ही जुनी पद्धत निवडली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ मजकूर त्या फाइलमधून परत मिळत नाही.

म्हणून मुलाखती वर्डमध्ये घ्याव्यात, आणि शिक्का, सही, पानाची मांडणी हाच पुरावा असलेले ठराव तेवढे पीडीएफमध्ये ठेवावेत. सगळा गठ्ठा एकदम न घालता आधी एकच फाइल आत घेऊन तिच्यात पहिल्या वेलांटीचा एखादा शब्द शोधून पाहावा, तो सापडला तरच कोडिंगला हात घालावा; कोडिंग झाल्यावर ती फाइल काढून तिच्या जागी दुसरी घेतली तर तिच्यावरचे काम पुन्हा करावे लागते.