गॅस न भरता गार झालेला फ्रिज: कोलबाडचे दुरुस्तीवाले

या गाळ्याला नावाची पाटी नाही. शटरवरच रंगाने ‘फ्रिज, ए.सी., वॉशिंग मशीन रिपेअरिंग’ असं लिहिलंय, आणि दारातच उघडे कॉम्प्रेसर पडलेले असतात. ठाण्यात खोपटच्या बाजूने कोलबाडमध्ये शिरा आणि कुणालाही विचारा. बाहेरून बघून कुणी इथे आपला फ्रिज सोपवेल असं दुकान नाही. मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी पाठवलं.

माझा फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, 2009 सालचा. मी घरून इडली-डोशाचं पीठ विकते, चरई आणि नौपाड्यात. खालचा कप्पा गार नसला की माझा धंदाच बसतो. बिघाड आधी पिठानेच सांगितला. फुगलेलं पीठ डब्यात भरून आत ठेवलं की ते तिथेच थांबायला हवं. हे आत गेल्यावरही फुगत राहायचं. सकाळी झाकण उचललेलं, कडेने पीठ ओघळून खालच्या काचेवर वाळलेलं, आणि गिऱ्हाइकांची तक्रार की पीठ आंबट लागतं. वर फ्रीजरमध्ये बर्फ मात्र होत होता, त्यामुळे घरच्यांचा निकाल ठरलेला: फ्रिज चांगलाय, तूच पीठ जास्त आंबवतेस.

आधी एका ॲपवरून माणूस मागवला होता. त्याने मागे वाकून कॉम्प्रेसरला हात लावला, दार उघडून बंद केलं आणि सांगितलं, “मॅडम, गॅस गेलाय. कॉम्प्रेसरपण वीक आहे. 4,800 होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या.” फ्रीजरच्या आतलं कव्हर त्याने उघडलंसुद्धा नाही. व्हिजिट चार्ज तेवढा घेतला.

कोलबाडच्या दादांनी फोनवरच प्रश्न सुरू केले. वरच्या कप्प्यात पंख्याचा आवाज येतो का? घासल्यासारखा येतो? मध्ये कधी फ्रिज बराच वेळ बंद होता का? होता. आमच्या मीटर रूममधली केबल जळाली तेव्हा रात्रभर लाइट नव्हती. आणि ती आल्यावर आठवडाभर फ्रिज झकास चालला, मग पुन्हा रडगाणं. हे ऐकून ते म्हणाले, “काकू, गेलेला गॅस लाइटीबरोबर परत येतो का?”

मला तिथेच पटलं.

घरी येऊन त्यांनी फ्रीजर रिकामा करायला लावला आणि आतलं मागचं कव्हर काढलं. मागे बर्फाची भिंत. कॉइल दिसतच नव्हती, पंख्याची पाती बर्फाला घासत होती. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल ही एकच, ती फ्रीजरच्या मागे, आणि खालच्या कप्प्याला गारवा मिळतो तो पंख्याने ढकललेल्या हवेतून. कॉइलवर बर्फ धरतोच. म्हणून टायमर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून एक हीटर चालू करतो, बर्फ वितळतो, पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये उतरून वाळून जातं. हीटर लागला नाही तर बर्फ साठत जातो, हवेची वाट बंद होते आणि आधी खालचा कप्पा तापतो. लाइट गेली तेव्हा हा सगळा बर्फ आपोआप वितळला होता, म्हणून तो एक आठवडा सुखाचा गेला.

गॅस कमी असता तर? तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ दिसला असता आणि बाकीची कॉइल कोरडी राहिली असती. आमच्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा थर होता. हे त्यांनी मला बॅटरी मारून दाखवलं. बर्फ कोमट पाण्याने आणि माझ्या हेअर ड्रायरने उतरवला, सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा बसला की मग खरोखरच गॅस जातो.

पुढचा भाग मला सगळ्यांत आवडला. टायमरचा खाचा त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवला, टक आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. टायमर ठीक. मीटर लावून हीटर तपासला, तोही ठीक. राहिला बायमेटल, कॉइलला चिमट्यासारखी अडकवलेली गोल डबी. ती गारठल्यावर आतून जोडली जाते आणि तेव्हाच हीटरला करंट मिळतो. घरातल्या हवेत ती तुटलेलीच दाखवणार. म्हणून त्यांनी माझ्याकडून एक वाडगा बर्फ आणि मूठभर खडेमीठ मागितलं, पॉट आइस्क्रीमला घालतात तसं, आणि डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात दाबून ठेवली. बऱ्याच वेळाने मीटर लावला, काटा हलला नाही. नवीन बायमेटल त्याच मिठाच्या बर्फात ठेवून बघितला, काटा झटकन गेला. मग तोच बसवला.

जाता जाता पाणी उतरायच्या नळीतला गाळ काढला. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावलं. बिजागरीकडे नोट सहज निघून आली. मला वाटलं आता रबराचेही पैसे. पण त्यांनी ड्रायरने रबर गरम करून बोटांनी बाहेर ओढलं आणि जमवून दिलं.

एकूण 1,900 रुपये झाले, पार्ट आणि मजुरी धरून. गारवा तपासायला त्यांनी सांगितलं होतं की मधल्या कप्प्यात ग्लासभर पाणी रात्रभर ठेवायचं आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवायचा. 4 अंश किंवा खाली हवं. दुरुस्तीआधी 11 होतं, आता 4 येतं. डब्यांची झाकणंही जागेवर असतात.

आता तक्रारी. वेळेच्या नावाने शून्य. “दुपारपर्यंत येतो” म्हणजे त्या दिवशी येतीलच असं नाही, फोन तीनदा केल्याशिवाय उचलत नाहीत. वितळलेलं पाणी स्वयंपाकघरभर झालं, पुसायचं काम माझं. बिल चिठ्ठीवर नुसता आकडा. पार्टचं नाव आणि सहा महिन्यांची वॉरंटी मी मागून लिहून घेतली. यूपीआय चालतं.

ज्यांचा फ्रिज खरोखर गॅसवर अडलाय त्यांनी एक बघावं. मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. माझ्यात आर-134ए आहे. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए असतो, तो पेट घेणारा, त्यामुळे ते काम येत असलेल्याकडेच द्यावं. हे दादा त्यासाठी स्पष्ट नाही म्हणतात आणि कंपनीच्या माणसाला बोलवा सांगतात. सासूबाईंच्या जुन्या फ्रिजमध्ये आर-12 होता, तो ओझोनचा थर वाचवायच्या मॉन्ट्रियल करारामुळे 2010 पासून आपल्याकडे बंद झाला, तेव्हा तसा फ्रिज असेल तर तोच गॅस भरून मिळेल असं धरू नका. आणि कुठलाही गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, ती जागा न शोधता नुसता भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

फोन करण्याआधी स्टिकरचा आणि फ्रीजरच्या आतल्या मागच्या भिंतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, पार्ट पहिल्या फेरीतच घेऊन येतात. संध्याकाळी पाचनंतरचा वेळ मात्र मागू नका, तलावपाळीच्या ट्रॅफिकचं कारण तयार असतं.