‘बेअरिंग गेलंय’ ऐकून इंजिन उघडू देऊ नका : डिझेल पिकअपच्या आवाजावरून होणारी फसवणूक

तक्रार एवढीच असते की सकाळी गाडीचा आवाज जरा जास्त येतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ऑइल चेंबरला टेकवतो, मूठ मालकाच्या कानाला लावतो आणि रेस देतो. कानात धाडधाड आवाज घुमतो. "ऐकलंत? रॉडचं बेअरिंग गेलंय. अशीच चालवलीत तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल." (रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, हे बेअरिंग त्याच्या क्रँककडच्या टोकाला असतं.) मालक घाबरून हो म्हणतो. संध्याकाळपर्यंत चेंबर खाली आलेलं असतं, हेड उतरलेलं असतं, आणि आता गाडी दुसऱ्या कुणाला दाखवायला नेता येत नाही. मग "लायनरही घासलेत", "टर्बोलाही प्ले आहे" असे फोन सुरू होतात. पूर्ण इंजिनकामाचं बिल भरून गाडी घरी येते आणि पुन्हा सकाळी तोच आवाज, कारण दोष सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एका इंजेक्टरमध्ये होता किंवा मुळात नव्हताच.

अशी फसवणूक साधते ती एकाच गोष्टीवर: मालकाने आवाज एकदाच, एकाच जागी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून ऐकलेला असतो. चेंबरला लोखंडी दांडा लावून ऐकलं तर धडधाकट डिझेल इंजिनही भयानकच वाटतं. डिझेलमध्ये हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते. तिच्यात डिझेल फवारलं की पेट घ्यायला क्षणाचा उशीर होतो, तेवढ्यात साचलेलं डिझेल एकदम पेटतं आणि ठोका बसतो. इंजिन थंड असताना हा उशीर वाढतो, म्हणून सकाळची खडखड जास्त. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल मिळतं ते) मुख्य फवारणीच्या आधी थोडंसं डिझेल सोडून हा ठोका मऊ केलेला असतो. एखाद्या इंजेक्टरची ही छोटी फवारणी बिघडली की त्या एका सिलिंडरची कडक टकटक वेगळी ऐकू येते, आणि तीच "बेअरिंग" म्हणून विकली जाते.

खऱ्या बेअरिंगची वागणूक उलटी असते. ऑइल गरम होऊन पातळ झालं की त्याचा आवाज वाढतो, सकाळी तुलनेने कमी असतो. आवाज खालून येतो, जड आणि खोल असतो, चढावर लोड आल्यावर किंवा साधारण 1500 ते 2500 आरपीएमवर ॲक्सिलरेटर सोडताना ठळक होतो. इंजिन थंड असताना जोरात आणि दहा मिनिटांत निवळणारा आवाज असेल, तर बेअरिंगवर संशय घेण्याआधी दुसरं बरंच काही तपासायला हवं.

इथे एक चाचणी फार खात्रीने दाखवली जाते: एकेक इंजेक्टर बंद करायचा आणि आवाज गेला की "हा बघा, याच सिलिंडरचं बेअरिंग." चाचणी खरी आहे, निष्कर्ष अर्धवट आहे. सिलिंडर बंद केल्यावर त्याच्या बेअरिंगवरचा भार जातो, तसाच त्याच्या इंजेक्टरचा ठोकाही जातो. दोन्ही दोषांत आवाज कमीच होणार. चाचणीतून फक्त सिलिंडर कळतो, भाग कळत नाही. (कॉमन रेलमध्ये हे स्कॅनरमधून करावं. पिझो इंजेक्टरचा प्लग चालू इंजिनवर ओढू नये, आणि हाय प्रेशर पाइपचा नट तर कधीच सैल करू नये. डिझेलची ती धार कातडीतून आत घुसते.)

भाग ठरवण्यासाठी त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरमध्ये घालून पाहायचा. तांब्याचा वॉशर नवा टाकायचा आणि ज्या गाड्यांत इंजेक्टरवर कोड छापलेला असतो, त्यांत तो कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कंप्युटरमध्ये) नव्या जागेप्रमाणे भरायचा. आवाज इंजेक्टरबरोबर सरकला तर दोष इंजेक्टरचा. आवाज जागचा हलला नाही, तरच खाली बघायचं. तेही चेंबर उतरवून नव्हे. आधी ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनावर आयडलिंगचं प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटत नाही यावर विसंबू नका, प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो. मग ऑइल फिल्टर तुमच्यासमोर गाडीतून काढून कापायचा, कागदाच्या घड्या पिळून उन्हात उलगडायच्या. बेअरिंग खरंच झिजलं असेल तर घड्यांत चंदेरी किंवा तांबूस चकाकणारे कण दिसतात. ट्रेमध्ये आधीच साठलेलं ऑइल दाखवून "हा बघा भुगा" म्हटलं तर तो पुरावा धरू नका. ते कोणत्या गाडीचं आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

"चुफ् चुफ्" असा, हवा निसटल्यासारखा आवाज असेल तर टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या बुडाशी बघा. डांबरासारखा काळा चिकट थर जमला असेल तर तिथला वॉशर लीक आहे. वेळेत काढला तर काम वॉशर बदलणं आणि बैठक साफ करणं एवढंच, पण हेच "हेड काम" म्हणून गळ्यात मारलं जातं. दुर्लक्ष मात्र करू नका, जमलेल्या कार्बनमध्ये इंजेक्टर असा अडकतो की काढताना मोडायची वेळ येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की हुबेहूब टॅपेटसारखं टिकटिक येतं. जोडाजवळ काजळीचा पट्टा दिसतो.

धमकीसाठी वापरल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टी. ऑइलचं झाकण उघडून धूर दाखवतात आणि "रिंगा गेल्या" (पिस्टनच्या रिंगा झिजल्या) म्हणतात. चांगल्या डिझेलमध्येही थोडी वाफ येतेच, आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) चोकला तरी जास्त येते. कॉम्प्रेशन टेस्टचे (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणाऱ्या चाचणीचे) सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. काळं ऑइलही पुरावा नाही, डिझेलमध्ये नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून दाखवतात: बाजूला किंचित हलणं नेहमीचं आहे, कारण ऑइलच्या थरावर तो तरंगतो. आत-बाहेर हलणं हाताला जाणवलं, किंवा पंख्याची पाती केसिंगला घासलेली दिसली, तर काळजी. आयडलिंगला खडखड असून क्लच दाबताच बदलत असेल, तर इंजिन उघडायचं कारण नाही. आधी क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग बघा. स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंदांची चेनची खडखड ऑइल प्रेशर चढेपर्यंतची असते. पुढेही टिकली तर टेन्शनर आणि चेन तपासून घ्यायलाच हवी.

मेकॅनिक दरवेळी खोटंच बोलतो असं नाही. जड ठोका आणि ऑइलचा दिवा एकदम आले तर गाडी तिथेच बंद करून टो करा. घरापर्यंत चालवत नेलीत तर क्रँक वाचणार नाही.

जुनी गाडी घेताना हीच फसवणूक उलटी होते, आवाज लपवला जातो. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो, किंवा ऑइल घट्ट करणारं औषध ओतून बेअरिंगचा ठोका दबवतो. पोहोचल्याबरोबर रेडिएटरच्या पाइपला हात लावा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या आणि पहिला स्टार्ट स्वतः मारा. मग अर्धा तास लोडवर फिरवून गरम आयडलिंग पुन्हा ऐका. डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत घेऊन ताणून बघा: ऑइल मधासारखं तार धरत असेल किंवा लेव्हल खुणेच्या वर असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलून, गेज लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.