अल्फाचा यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॉप्टर, लिनक्स वापरणाऱ्याच्या नजरेतून

लॅपटॉपचे आतले वाय-फाय कार्ड निकामी झाले असेल आणि त्यावर लिनक्स असेल, तर यूएसबी अ‍ॅडॉप्टर घेताना खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यांना भुलू नये. आत चिप कोणती, एवढीच चौकशी करावी. देवगडच्या घरी गेल्या पावसाळ्यापासून वापरात असलेला अल्फा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम मी याच निकषावर निवडला. त्यातील मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) २०१८ च्या ४.१९ कर्नेलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, लिनक्समध्येच आहे, त्यामुळे फर्मवेअरचे (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पॅकेज आधी बसवलेले असल्यास डेबियन १२ या लिनक्स प्रणालीत अ‍ॅडॉप्टर जोडताच नेटवर्कची यादी समोर येते.

त्याआधी घेतलेल्या नखाएवढ्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या खोक्यावरही लिनक्सचे चिन्ह होतेच. मात्र जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेने त्याचा क्रमांक ०बीडीए:१ए२बी असा दाखवला, म्हणजे संगणकाच्या लेखी ते वाय-फाय उपकरण नसून विंडोजचे ड्रायव्हर भरलेली सीडी होती. उपकरणाला सीडीच्या रूपातून बाहेर काढणारा यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम चालवल्यावर सी८११ हा खरा क्रमांक उघड झाला. पण त्या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला तो ६.२ पासून, आणि डेबियन १२ चा कर्नेल ६.१ चा. मग मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यायचे, बाहेरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि दर नव्या कर्नेलसाठी तो पुन्हा तयार करणाऱ्या डीकेएमएसच्या भरवशावर राहायचे. नव्या कर्नेलबरोबर ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या त्याच्या हेडर फाइली आल्या नाहीत, तर तो भरवसाही संपतो; सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर चालू न देणारी सोय) चालू असल्यास ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचे काम वेगळेच.

अल्फाच्या बाबतीत यातले काहीच करावे लागले नाही. लाईट जाऊन आली की राउटर सुरू होताच जोडणी आपोआप परत येते. ओटीवरच्या राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल चिऱ्याच्या जाड भिंती ओलांडून मागच्या पडवीपर्यंत पोचत नाहीत, तिथे २.४ वरच यावे लागते. हा दोष अर्थात भिंतींचा. यूएसबी ३ च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो, म्हणून पडवीत बसताना मी यूएसबी २ चा पोर्ट वापरतो. दोन अँटेना आणि केबल यांमुळे प्रकरण बोजड आहे, प्रवासात तर नकोसेच वाटते, आणि किंमतही स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या कित्येक पट.

आपल्याकडच्या दुकानांत चिपचे नाव विचारले की मॉडेल क्रमांक सांगितला जातो, पण तेवढ्याने भागत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. तेव्हा खोक्यावरची आवृत्तीही वाचून घ्यावी. ज्यांचे काम २.४ गिगाहर्ट्झवर आणि १५० मेगाबिटमध्ये भागते, त्यांनी एवढा खर्च न करता आरटी५३७० चिपचा साधा अ‍ॅडॉप्टर शोधावा. त्याचाही ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे.