सिगार घरी ठेवायचे तर लाकडी ह्युमिडॉर की एअरटाइट डबा, आणि आत ओलाव्यासाठी नक्की काय ठेवायचं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. पन्नासएक सिगार असतील आणि ते काही महिन्यांत ओढून संपणार असतील तर झाकणाला रबराची कड असलेला एअरटाइट प्लास्टिकचा डबा घ्या, आत ६५ टक्क्यांचे टू-वे पॅक (ओलावा देणाऱ्या आणि जास्तीचा परत घेणाऱ्या पुड्या) टाका, एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ठेवा, झालं काम. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारांसाठी ओलावा राखणारी पेटी, घ्यायचा असेल तर तोही घ्या, मला स्वतःला तो फार आवडतो, पण तो मेहनत मागतो आणि ती मेहनत नेमकी काय असते हे विकत घेताना सहसा कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकड्याचं बघू. जुना नियम म्हणजे ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१ अंश सेल्सियस. आता बरेच जण ६२ ते ६८ मध्ये ठेवतात, आणि माझा कलही ६५ कडे आहे, कारण ७० च्या वर गेलं की सिगार फुगतो, ओढायला घट्ट लागतो, मधेच विझतो, एका बाजूने जळत जातो आणि कधीकधी रॅपर, म्हणजे वरचं गुंडाळलेलं पान, उकलतो. उलट बाजूला कोरडा पडलेला सिगार भराभर आणि गरम जळतो, धूर कडवट लागतो, बोटांत धरला तरी वरचं पान तडकतं, आणि तंबाखूतली तेलं एकदा उडून गेली की नंतर कितीही ओलावा दिलात तरी ती चव परत येत नाही. ७५ च्या वर आणि उबदार जागा असेल तर बुरशी आलीच म्हणून समजा.

आता एक हिशोब सांगतो, तो डोक्यात बसला की पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात. २० लिटरचा डबा घ्या, २५ अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता. त्या सगळ्या हवेत वाफ किती असते? जेमतेम ०.३ ग्रॅम. आणि त्याच डब्यात चाळीस सिगार असतील, एक साधारण १० ग्रॅमचा धरला आणि त्याच्या वजनातला १२ टक्क्यांच्या आसपास भाग पाणी धरला, तर सिगारांमध्येच पन्नासएक ग्रॅम पाणी आहे. म्हणजे खरा साठा सिगारांत (आणि लाकूड असेल तर लाकडात), हवेत जवळपास काहीच नाही. म्हणून झाकण उघडल्यावर मीटर ६५ वरून ५५ ला पडला तरी घाबरून पाणी शिंपडायला धावू नका, ती फक्त हवा बदलली, सिगारांना त्याचा पत्ताही लागलेला नसतो, बंद केल्यावर तासाभरात आकडा परत वर येतो. सिगार खराब होतात ते अशा क्षणिक उतारांनी नाही तर रोज थोडं थोडं पाणी फटीतून बाहेर जात राहिलं की, किंवा बाहेरचा दमटपणा हळूहळू आत येत राहिला की. त्यामुळे डबा कुठलाही घ्या, पहिला प्रश्न एकच विचारा, याचं झाकण किती घट्ट बसतं?

आणि इथेच लाकडी ह्युमिडॉर आणि प्लास्टिकचा डबा यांच्यातला खरा फरक येतो.

लाकडी पेटीला आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. नावात सीडर असलं तरी ते झाड महोगनीच्या कुळातलं आहे, सेड्रेला ओडोराटा, आणि ते वापरण्यामागे कारणं चांगली आहेत: ते ओलावा धरतं आणि सोडतं, वास तंबाखूला शोभणारा असतो, दमट हवेत लवकर कुजत नाही. पण नवीन पेटीतलं हे लाकूड कोरडं असतं, आणि तुम्ही तसेच सिगार ठेवलेत तर ते सिगारांतलं पाणी पिऊन घेतं. म्हणून आधी सीझनिंग करावं लागतं: ८४ टक्क्यांचे खास पॅक टाकून पेटी दोन आठवडे बंद ठेवायची, किंवा छोट्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवून सातआठ दिवस थांबायचं. ओल्या फडक्याने आतून पुसायचा सल्ला अजूनही फिरत असतो, तो कृपया ऐकू नका, लाकूड एकदम आणि असमान फुगतं, वाकतं, आणि वाकलं की झाकण कायमचं सैल. सील तपासायचं तर कागदाची पट्टी झाकणाच्या कडेत धरून पेटी बंद करा आणि ओढून बघा, चारही बाजूंनी कागद अडकला पाहिजे. काचेचं झाकण असलेल्या पेट्या दिसतात सुरेख, पण काच जिथे लाकडात बसवलेली असते तिथून बऱ्याचदा गळती असते आणि वर उजेडही आत येतो, त्यामुळे पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी त्या सुचवणार नाही.

चांगली सील असलेली, व्यवस्थित सीझन केलेली आणि निम्म्याहून जास्त भरलेली लाकडी पेटी मात्र खरंच सुंदर काम करते. लाकूड आणि सिगार मिळून पाण्याचा मोठा साठा होतो, त्यामुळे आकडा हलता हलत नाही, आणि महिनोन्‌महिने ठेवलेल्या सिगारांना सीडरचा हलका वास लागतो तो प्लास्टिकमध्ये मिळत नाही. रिकामी पेटी मात्र सांभाळायला अवघड, शंभरची पेटी घेऊन आत दहा सिगार ठेवणाऱ्याला मीटरकडेच बघत बसावं लागतं.

प्लास्टिकच्या डब्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे आणि तीच त्याची जमेची बाजू. सीझनिंग नाही, गळती जवळजवळ नाही, पॅक खूप जास्त टिकतात. नवीन डब्याला वास असतो, तो धुऊन काही दिवस उघडा ठेवून पूर्ण घालवा, वास गेला नसेल तर सिगार ठेवूच नका. पारदर्शक असेल तर कपाटात, अंधारात ठेवा. सीडरचे पातळ तुकडे किंवा सिगारांची रिकामी लाकडी खोकी आत टाकली तर थोडा वासही मिळतो आणि ओलाव्याला आधारही, फक्त ती खोकीसुद्धा कोरडी असतात हे लक्षात ठेवून पहिल्या आठवड्यात एखादा पॅक जास्त टाका. हवा खेळती राहावी म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी मिनिटभर झाकण उघडलं की पुरे. फ्लेवर्ड सिगार असतील तर त्यांना वेगळा डबा, यात तडजोड नको, त्यांचा वास बाकीच्यांना लागतो.

आता ओलावा देणाऱ्या गोष्टी, आणि जास्त चुका इथेच होतात.

बहुतेक पेट्यांसोबत फुकट येतो तो स्पंज, म्हणजे हिरव्या किंवा काळ्या फोमची डबी, त्यात डिस्टिल्ड वॉटर भरायचं. त्याचा मोठा दोष हा की तो फक्त ओलावा देतो, जास्त झालेला परत घेत नाही. नुसतं पाणी भरलं तर त्याला कुठे थांबायचं हे माहीतच नसतं. त्यासाठी पाण्यात प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळलेलं सोल्युशन मिळतं, ते आकडा ७० च्या आसपास धरायला मदत करतं, पण ग्लायकॉल उडून जात नाही, पाणी उडतं, त्यामुळे दर वेळी सोल्युशनच भरत राहिलात तर फोम चिकट होऊन बंद पडतो, म्हणून बऱ्याच वेळा फक्त डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं असतं आणि सोल्युशन मधूनमधून. नळाचं पाणी नकोच, त्यातले क्षार फोमची छिद्रं बुजवतात. जेलच्या बरण्या, म्हणजे पाणी शोषून फुगलेले मऊ पारदर्शक दाणे, दिसायला आधुनिक वाटतात पण स्वभावाने स्पंजच्याच जवळ आहेत, देणारे जास्त, घेणारे कमी.

सिलिका बीड्स वेगळे, यांची आणि जेलची गल्लत करू नका. हे कडक दाणे ठरावीक टक्क्यांवर तयार केलेले असतात, हवा कोरडी झाली की सोडतात, दमट झाली की शोषतात. वर्षानुवर्षं चालतात, मोठ्या कपाटाला तेच परवडतात. पण त्यांना तुमचं लक्ष लागतं: थोडे दाणे पारदर्शक, थोडे पांढरे असं मिश्रण दिसलं पाहिजे, सगळे पारदर्शक झाले म्हणजे पोट भरलंय आणि आता जास्तीचा ओलावा घेणार नाहीत, सगळे पांढरे म्हणजे पाणी हवंय, तेही डिस्टिल्ड आणि हलक्या फवाऱ्याने.

आणि टू-वे पॅक, बोवेडा वगैरे ब्रँडचे. आत मिठाचं संपृक्त द्रावण असतं आणि बाहेर असा कागद की त्यातून वाफ जाते पण पाणी गळत नाही. संपृक्त द्रावणाची गंमत ही की प्रत्येक मिठाचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो, आपल्या साध्या खायच्या मिठाचा ७५, आणि पॅकमध्ये न विरघळलेलं मीठ शिल्लक आहे आणि द्रावणही शिल्लक आहे तोपर्यंत तो आकडा हलत नाही. म्हणून ६५ लिहिलेला पॅक ६५ कडेच खेचतो, वरूनही आणि खालूनही. हिशोब साधारण २५ सिगारांच्या जागेला ६० ग्रॅमचा एक पॅक, आणि जागा म्हणजे डब्याची क्षमता, आत्ता आत किती सिगार आहेत ते नाही. एअरटाइट डब्यात ६२ किंवा ६५ घ्या, लाकडी पेटीत ६९ घ्या कारण थोडं लाकडातून निसटणारच, फार गळत असेल तर ७२. एकाच डब्यात वेगवेगळ्या आकड्यांचे पॅक ठेवू नका, एक देत राहतो आणि दुसरा घेत राहतो आणि दोन्ही उगाच वाया जातात. पॅक हाताला कडक, खडे झाल्यासारखा लागला की संपला. काही जण डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून ते परत जिवंत करतात, चालतं काही प्रमाणात, पण पाणी जास्त शिरलं तर आतलं सगळं मीठ विरघळतं आणि मग तो ठरलेल्या आकड्यापेक्षा वरच राहतो, म्हणून महागड्या सिगारांसाठी मी ते करणार नाही.

पंखा आणि सेन्सर असलेलं इलेक्ट्रॉनिक युनिट शेकडो सिगारांच्या मोठ्या कपाटासाठीच, छोट्या पेटीत त्याची गरज नाही.

म्हणजे निवड बरीचशी तुमच्या बाहेरच्या हवेवर ठरते. हवा वर्षभर कोरडी असेल तर स्पंजही चालवून नेता येतो, कारण काम एकाच दिशेचं आहे. हवा दमट असेल तर स्पंज म्हणजे आगीत तेल, तिथे शोषून घेणारं काहीतरी हवंच, पॅक किंवा बीड्स, आणि डबा घट्ट, नाहीतर पॅक बाहेरचाच दमटपणा पीत बसतात, टरारून फुगतात आणि मग शोषणं थांबतं. अर्धं वर्ष कोरडं आणि अर्धं दमट असेल तर एअरटाइट डबा आणि टू-वे पॅक सोडून दुसरा विचारच करू नका.

तापमान मात्र या सगळ्यापासून वेगळं काढता येत नाही. तंबाखूचा एक किडा असतो, लॅसिओडर्मा सेरिकोर्ने, त्याची अंडी पानातच असू शकतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण २४ अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर ती उबायची भीती, मग रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली भुकटी. सीडरच्या वासाने किडा येत नाही असं म्हणतात, त्याच्या भरवशावर राहू नका. भोक दिसलं तर सगळे सिगार झिप पिशवीत हवाबंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, एकदम गार-गरम केलं तर रॅपर तडकतो. आणि खोली गरम राहत असेल तर आकडा ६२ ला आणा, उबदार हवेत बुरशीला ७० टक्के फार सोयीचे असतात.

साध्या फ्रिजमध्ये कायमचं ठेवणं मात्र टाळाच, आतली हवा कोरडी असते आणि वास लागतात. गरम हवेत राहणाऱ्यांसाठी वाइन फ्रिज हा चांगला तिसरा पर्याय आहे, १८ अंशांच्या आसपास लावायचा. यात थर्मोइलेक्ट्रिक आणि कॉम्प्रेसरवाला असे दोन प्रकार. थर्मोइलेक्ट्रिक सौम्य असतो, आर्द्रता कमी हलवतो, पण खोली फारच तापली तर त्याचा दम अपुरा पडतो. कॉम्प्रेसरवाला कितीही उकाड्यात गार करतो पण दर वेळी चालू झाला की आतल्या गार पृष्ठभागावर पाणी जमवून हवा कोरडी करतो, मग भरपूर बीड्स लागतात, किंवा सोपा उपाय म्हणजे सिगार पॅकसकट एअरटाइट डब्यात आणि तो डबा फ्रिजमध्ये, मला हाच जास्त पटतो. तसंच डबा एसीच्या झोताखाली किंवा गार भिंतीला चिकटवून ठेवू नका: २५ अंश आणि ७० टक्क्यांची हवा १९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडते आणि बुरशी नेमकी त्या कोपऱ्यात धरते.

मीटरबद्दल थोडक्यात. पेटीच्या झाकणात बसवलेला काट्याचा मीटर शोभेचाच समजा, डिजिटल घ्या. तोही तपासून घ्या: बाटलीच्या टोपणात मीठ, त्यात थेंबभर पाणी म्हणजे ओला गोळा होईल पण विरघळणार नाही, ते आणि मीटर झिप पिशवीत बंद करून दिवसभर ठेवा. ७५ दाखवायला हवा, ७२ दाखवला तर पुढे कायम तीन मिळवून वाचा.

आणि आत्ताच तुमच्याकडे कोरडे पडलेले सिगार असतील तर घाई करू नका. आधी ६२ च्या पॅकवर एक-दोन आठवडे, मग ६५ वर, मधूनमधून फिरवत. सरळ ७२ वर टाकलेत तर बाहेरचं पान आतल्या तंबाखूच्या आधी फुगतं आणि फाटतं. चांगला महिनाभर लागू शकतो, दाबून बघितल्यावर सगळीकडे सारखाच मऊ लागला आणि कुरकुर आवाज आला नाही की एक ओढून बघा आणि मग बाकीचे डब्यात हलवा.