प्रेग्नन्सी ॲपमधला वजनाचा ग्राफ: आकडे बरोबर, पण पहिल्या तीन महिन्यांत उगाच घाबरवतो

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते आधी सांगते, कारण पहिल्या तीन महिन्यांत असणाऱ्या मुलींना त्याचाच जास्त त्रास होणार आहे.

हे ॲप रोज सकाळी वजन टाका म्हणून मागे लागतं आणि आकडा कालच्यापेक्षा खाली गेला की ग्राफवरचा ठिपका लाल करतं. अहो जिच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाहीये तिला सकाळी सकाळी लाल ठिपका दाखवून काय मिळतं? अर्धा-एक किलो तर नुसतं पाण्यामुळे नाहीतर पोट साफ न झाल्यामुळेही वर-खाली होतं, आणि बाराव्या आठवड्यात बाळच मुळात पंधरा ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे काट्यावर दिसतं ते बाळ नसतंच. सेटिंग्जमध्ये जाऊन 'आठवड्यातून एकदा' करा, लगेच करा.

आता चांगलं. सुरुवातीलाच उंची आणि प्रेग्नन्सीच्या आधीचं वजन विचारून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढतं आणि त्यावरून वजन किती वाढायला हवं याचा ग्राफवरचा तुमचा पट्टा ठरवतं, सगळ्यांना एकच आकडा चिकटवत नाही. हे आकडे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेले: बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो, नॉर्मल असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ मध्ये ७ ते ११.५, आणि ३० च्या वर ५ ते ९. पण मला सगळ्यात आवडला तो ग्राफचा आकार, पहिले तीन महिने पट्टा जवळजवळ आडवाच आहे, अर्धा ते दोन किलो एवढंच, खरी चढण त्यानंतर सुरू होते. कॅलरीच्या पानावर पण पहिल्या तिमाहीत रोजच्या जास्तीच्या कॅलरी शून्य लिहिलंय, मग दुसरीत साधारण ३४०, तिसरीत ४५०. 'दोन जीवांची आहेस, दुप्पट खा' म्हणणाऱ्यांना ते पान सरळ दाखवा.

उलटीवाल्या भागात मात्र नुसतं 'थोडं थोडं खा' एवढंच. तिथे ठळक लिहायला हवं होतं की आधीच्या वजनाच्या पाच टक्के कमी झालं (६० किलोवालीचं तीन किलो), लघवी कमी आणि गडद व्हायला लागली किंवा पाणीही टिकेना, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आणि फुकटच्या व्हर्जनमध्ये खाली वजन कमी करायच्या जाहिराती येतात, याचा मला खरंच राग आला. बीएमआय जास्त असला तरी प्रेग्नन्सीत स्वतःच्या मनाने डाएट करायचं नसतं, आणि गर्भवतींसाठीच्या ॲपवाल्यांना एवढं कळायला नको?

जुळी असतील तर तो पर्याय प्रोफाइलमध्ये पार तळाशी आहे, आधी तो ऑन करा, कारण जुळ्यांचे आकडे वेगळे असतात, नॉर्मल बीएमआयला १७ ते २५ किलो. आणि आधीचं वजन माहीतच नसेल तर अंदाजाने काहीतरी ठोकू नका, अख्खा पट्टा चुकतो, पहिल्या तपासणीच्या कागदावरचं वजन टाका आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.